विमाने गेली, मोटारी आल्या

इंग्रज माणूस मोठा शांतताप्रिय, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आगगाडीच्या डब्यात तो वर्तमानपत्राआड तोंड लपवून बसतो, शेजाऱ्याशी बोललाच तर हवापाण्यापलीकडे जात नाही, आणि रविवारी दुपारी बागेत गुलाबाच्या फांद्या छाटीत असतो. हे सारे खरे आहे. पण याच इंग्रजाने आपल्या चिमुकल्या बेटावर, गव्हाची शेते आणि देवळांचे मनोरे यांच्या मधोमध, कानठळ्या बसविणारी आठ मैदाने मोठ्या मायेने जपली आहेत, हे मात्र शाळेत कोणी सांगितले नव्हते.

ही मैदाने म्हणजे ब्रिटिश टूरिंग कार चँपियनशिपचे शर्यतमार्ग. 1958 साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिच्या नावात ‘सलून कार’ असे शब्द होते. आजचे नाव 1987 पासूनचे. फॉर्म्युला वनच्या त्या चपट्या, उघड्या चाकांच्या गाड्या इथे नसतात. इथे धावतात त्या दिसायला तुमच्या-आमच्या दारातल्याच मोटारी. आतून मात्र सारा संसार उसकलेला: मागची बाके काढून टाकलेली आणि त्यांच्या जागी लोखंडी नळ्यांचा पिंजरा. एकाच रविवारी तीन शर्यती होतात, आणि वळणावर शिरताना या मोटारी एकमेकींना ज्या बेमुर्वतपणे कोपरखळ्या मारतात, ते पाहून संध्याकाळी सहाच्या सुमारास दादर स्टेशनवर लोकलमध्ये शिरणारी माणसे आठवल्यावाचून राहत नाहीत.

आठांपैकी चार मैदाने – सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, थ्रक्स्टन आणि क्रॉफ्ट – मूळची दुसऱ्या महायुद्धातली विमानतळे. हा काही योगायोग नव्हे. इंग्लंडात सार्वजनिक रस्ता शर्यतीसाठी बंद करायचा तर पूर्वी त्यासाठी पार्लमेंटचा खास कायदा लागे. ही अडचण अगदी अलीकडे, 2017 साली, सैल झाली. म्हणून फ्रान्स-इटलीप्रमाणे गावच्या रस्त्यांवरून शर्यती पळविण्याची चैन इंग्रजाला परवडली नाही. त्याने 1907 साली लंडनजवळ ब्रुकलँड्स येथे मुद्दाम शर्यतीसाठीच एक मार्ग बांधला. पुढे महायुद्ध आले आणि ब्रुकलँड्स विमानांच्या कारखान्याच्या पोटात गेले. तिथे पुन्हा कधी शर्यत झाली नाही. डॉनिंग्टन पार्कवर 1937 आणि 1938 साली जर्मनांच्या रुपेरी मोटारी येऊन विजय मिळवून गेल्या होत्या. 1939 साली ते मैदान लष्कराने आपल्या वाहनांचे कोठार म्हणून घेतले. तिथे पुन्हा शर्यतीची मोटार धावायला 1977 साल उजाडावे लागले.

युद्धाने असे एका हाताने काढून घेतले आणि दुसऱ्या हाताने दिले. बाँबफेकी विमानांसाठी देशभर विमानतळ उठविले होते. प्रत्येकाला आडव्या-तिडव्या तीन धावपट्ट्या, आणि त्यांच्याभोवती विमाने हळूहळू ओढीत नेण्यासाठी एक रुंद, पक्का, वर्तुळाकार रस्ता. युद्ध संपले, विमाने गेली, आणि हा रस्ता ओस पडला. मोटारवेड्या माणसाला आणखी काय हवे? आपल्याकडेही हेच घडले आहे. मद्रासजवळचे शोलावरम् हे युद्धकालीन विमानतळच. 1990 साली इरुंगट्टुकोट्टईचा नवा मार्ग होईपर्यंत दक्षिणेतल्या शर्यतवाल्यांची ती पंढरी होती.

सिल्व्हरस्टोनची सुरुवात तर हसू यावे अशी आहे. 1947 साली काही हौशी मंडळींनी कोणाची परवानगी न घेता तिथल्या ओसाड रस्त्यावर शर्यत लावली. वाटेत एक मेंढी आडवी आली. मेंढी प्राणाला मुकली आणि मोटारही कामातून गेली. तेव्हापासून त्या शर्यतीला ‘मटन ग्रां प्री’ म्हणतात! पुढल्याच वर्षी तिथे रीतसर ग्रां प्री झाली. मार्ग धावपट्ट्यांवरूनही नेलेला असल्यामुळे दोन बाजूंनी येणाऱ्या मोटारी भर वेगात एकमेकींच्या समोर येत आणि मग आपापल्या बाजूला वळत. समोरच्याला पाहून चालकाचे धैर्य खचू नये म्हणून मध्ये किंतानाचे पडदे लावले होते. ही इंग्रजी व्यवहारबुद्धी! संकट टाळता येत नसेल, तर निदान ते दिसू तरी नये.

ब्रँड्स हॅच मात्र विमानतळ नव्हे. लंडनच्या दक्षिणेला केंट परगण्यातली ही नैसर्गिक परातच आहे. आधी तिथे सायकली पळाल्या, मग गवतावरून फटफटी, आणि 1950 साली डांबर पडले. धाकटा मार्ग जेमतेम सव्वा मैलाचा. टूरिंग मोटारी तो पन्नास सेकंदांच्या आत पुरा करतात. परातीच्या कडेवर सतरंजी टाकून बसावे आणि जवळजवळ सारी शर्यत एका नजरेत पाहावी. पॅडक हिल बेंड या पहिल्याच वळणावर रस्ता पायाखालून निसटावा तसा खाली कोसळतो आणि लगेच ड्रुइड्सच्या चढाला लागतो. मी ते वर्णन वाचून गेलो होतो, तरी पोटात गोळा आलाच. भोवती मुलेबाळे, सँडविचांचे डबे, थर्मासातला चहा. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, ही तर जत्राच की! फक्त देव तेवढा दिसत नाही.”

याच परातीत स्पर्धेच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला. गुण आपापल्या गटातल्या कामगिरीवर मिळत, त्यामुळे मोठ्या मोटारीचा मालक आणि छोट्या मोटारीचा मालक वर्षअखेरीस बरोबरीत येऊ शकत. 1958 साली तसेच झाले. जॅक सीअर्स आणि टॉमी सॉमरफील्ड यांचे गुण सारखे. नाणे उडवून निकाल लावा, अशी एक सूचना निघाली. ती दोघांनाही रुचली नाही. मग दोन अगदी एकसारख्या रायली मोटारी आणल्या. पाच फेऱ्या धावायचे, मोटारींची अदलाबदल करायची, पुन्हा पाच फेऱ्या, आणि दोन्ही वेळांची बेरीज. धो धो पाऊस पडत होता. सीअर्स जिंकला तो 1.6 सेकंदांनी. असा स्वच्छ न्याय खेळात फारसा पाहायला मिळत नाही.

सौंदर्यात पहिला क्रमांक मी औल्टन पार्कला देईन. चेशर परगण्यातल्या एका जुन्या सरदारी वाड्याचा हा बगीचा. वाडा 1926 साली जळाला. तळे, जुनी झाडे आणि हिरवळीचे चढउतार उरले. 1953 साली त्यांच्यामधून शर्यतमार्ग काढला. इथल्या जागांची नावे पाहा: ओल्ड हॉल, कॅस्केड्स, डीअर लीप – म्हणजे आपल्या भाषेत जुना वाडा, धबधबे, हरणउडी! स्नेटरटनला मात्र सपाट नॉरफोकचा वारा. तिथून अमेरिकन बी-17 विमाने जर्मनीवर जात. तिथल्या एका खोलगट वळणाला अजून ‘बाँब होल’ म्हणतात, आणि तिथून मोटार उसळताना पाहणारी मुले आनंदाने टाळ्या पिटतात.

आता क्रॉफ्ट. उत्तरेकडे डार्लिंग्टन गावाजवळचे हे मैदान. युद्धात इथून कॅनडाच्या तुकड्या बाँबफेकी विमाने घेऊन रात्री उड्डाण करीत. आज इथे खरी लढत मोटारी-मोटारींत नाही. ती गोंगाट आणि शांतता यांच्यात आहे. शेजारच्या घरातली माणसे मोटारींच्या आवाजाने हैराण होऊन कोर्टात गेली. मैदानवाल्यांचे म्हणणे असे, की आमच्यापाशी रीतसर परवानगी आहे, 1998 साली स्थानिक पालिकेशी लेखी करारही झाला आहे. मग तक्रार कसली? 2008 साली न्यायाधीशांनी नुकसानभरपाई दिली. शेजाऱ्यांना पैसा नको होता, निवांतपणा हवा होता. ते वर गेले. 2009 साली अपील न्यायालयाने त्यांचे म्हणणे मानले आणि मोठ्या आवाजाचे दिवस वर्षाला चाळीसांवर आणले.

या निकालाबद्दल शर्यतवाल्यांत अजून कडवटपणा आहे. “विमानतळाशेजारी राहायचे आणि आवाजाची तक्रार करायची?” असा त्यांचा सवाल. त्यात तथ्य नाही असे नव्हे; मैदान बंद पडले तर भोवतालची खाणावळ, पेट्रोलपंप आणि तरुण कारागीर यांनी जायचे कुठे? पण माझ्या खिडकीखाली नवरात्रापासून दिवाळीपर्यंत कर्णा लावणाऱ्यांपाशीही परवानगीचा कागद असतोच. तो कागद दाखविल्याने माझी झोप परत येत नाही. तेव्हा माझे मत त्या शेजाऱ्यांच्या पारड्यात पडते. चाळीस दिवस त्यांचे, बाकीचे माझे. हा हिशेब मला मान्य झाला असता. टूरिंग कारचा वार्षिक मेळा त्या चाळिसांतून आपली जागा काढतो, आणि क्रॉफ्ट अजून चालू आहे.

थ्रक्स्टनची गोष्ट याच जातीची. हँपशरमधल्या या विमानतळावरून 1942 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश छत्रीसैनिक फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायला निघाले आणि जर्मन रडारचे भाग उचकटून घेऊन आले. सध्याचा शर्यतमार्ग 1968 सालचा, विमानतळाच्या कडेच्या रस्त्यावरचा, सुमारे 2.36 मैलांचा, वेगात ब्रिटनमध्ये त्याला जोड नाही. चर्च नावाच्या वळणावर चालक ब्रेकला फारसा हात लावीत नाहीत. टायर मात्र इतके तापतात, की शर्यत चालकापेक्षा टायरच जिंकतो किंवा हरतो. पण इथेही आवाजाच्या बंधनांमुळे शर्यतींचे दिवस मोजकेच. एरवी तिथे छोटी विमाने उतरतात, चढतात.

नॉकहिल राहिले. ते स्कॉटलंडात, डनफर्मलिनजवळच्या टेकडीवर. 1974 सालचे, मार्ग फक्त 1.27 मैलांचा आणि बहुतेक सगळा चढउताराचा. टूरिंग कारचा मेळा तिथे सहसा ऑगस्टमध्ये असतो. मुलेबाळे घेऊन जाणार असाल, तर ऑगस्ट म्हणजे उन्हाळा या समजुतीवर विसंबू नका. लोकरीचे कोट आणि छत्र्या दोन्ही बरोबर घ्या.