मूठभर पेंड

मार्गशीर्ष सरतां सरतां माणदेशचा माळ पिवळाधमक होतो आणि आम्ही शहरांतले लोक त्याचें कौतुक करतों. कुसळीच्या त्या लाटा मलाही आवडतात. परंतु त्याच गवतांत दिवसभर तोंड घालून हिंडणारें वर्ष-दीड वर्षाचें खिलार वासरूं दिसलें, कीं काव्य जरा बाजूस ठेवावें लागतें. पोट नगाऱ्यासारखें, आणि बरगड्या मात्र एक एक मोजून घ्याव्यात! गवताच्या समुद्रांत तें उपाशीच असतें.

याचें कारण शास्त्रज्ञांनीं उलगडलें आहे. वासरूं गवत खातें खरें, पण तें पचवितात त्याच्या पोटांतील असंख्य सूक्ष्म जंतु. आणि त्यांना नत्र लागतें. पावसाळी कोंवळ्या गवतांत तें मुबलक असतें. बीं झडून गवत वाळलें, कीं त्यांतील प्रथिनें शेंकडा ७ च्याही खालीं उतरतात. मग जंतूंचें काम मंदावतें, गवत पोटांत रेंगाळतें, आणि भरल्या पोटीं वासराला दुसरा घास तरी कसा घ्यावासा वाटणार? अशा वेळीं शेंगदाण्याची किंवा सरकीची थोडी पेंड घातली, तर तें गवत कमी नव्हे, उलट अधिक खातें. खाण्यानेंच भूक वाढावी, ही मोठी गंमतीची गोष्ट आहे. (पेंडीऐवजीं युरिया स्वस्त पडतो हें खरें, पण त्याचें प्रमाण चुकलें तर तें विषच, आणि लहान वासराच्या वाटेस तर तो जाऊंच नये.)

पण पेंड जाते कोठें? दुभत्या गाईपुढें, नाहीं तर औताच्या बैलापुढें. कालवडीच्या वांट्यास माळ! एका शेतकऱ्याला मीं याविषयीं विचारलें, तेव्हां तो सरळ म्हणाला, "ती अजून काय देतीया, सर?" त्याचा हिशेब आजचा होता, आणि पेंडीला रोख पैसे पडतात हेंही खोटें नव्हे. परंतु कालवड माजावर येते ती वयापेक्षां वजनावर. उन्हाळ्यांत खुंटलेली वाढ पहिलें वेत लांबणीवर टाकते, आणि तेवढे दिवस तिला फुकट पोसावें लागतें. हा तोटा कोणत्याच वहींत मांडलेला नसतो.

पेंड परवडत नसेल तर विहिरीकडेच्या बांधावर शेवरी लावावी, तिच्या पाल्यांत प्रथिनें भरपूर, असें मीं सुचविलें. तो हंसला. शेवरी पूर्वीं होती, म्हणाला. भावकीनें बांध कोरतां कोरतां ती केव्हांच गेली.