३०२ वाजला!

वाजला! पुण्यात नारायण पेठेतल्या ऑफिसात मी ३०२ दाबलं आणि तिकडे कोल्हापूरजवळ, शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये, लेथपाशी ठेवलेला फोन खणखणला. "आवाज तर शेजारी बसल्यागत येतोय की!" आमचे फोरमन आबा ओरडले. मी खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी होतो.

गेले तीन आठवडे मी दुसरं काही बोलतच नाहीये, घरचे वैतागलेत. पण ऐका तरी! अ‍ॅस्टरिस्क नावाचं सॉफ्टवेअर आहे. १९९९ साली मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाला आपल्या छोट्या कंपनीसाठी ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं फोन एक्स्चेंज, हवं होतं, पण परवडेना. मग त्यानं स्वतःच लिहून काढलं आणि कुणालाही वापरायला मोकळं करून टाकलं! आता दोन्हीकडे एकेक जुना कॉम्प्युटर आणि मध्ये ब्रॉडबँडवरून व्हीपीएनचा बंद बोगदा, एवढ्यावर आमचं एक्स्चेंज उभं आहे.

लाइन पुरेल का, ही धास्ती होती. हिशेब मांडला. सेकंदाभराच्या बोलण्याचे ५० तुकडे. एका तुकड्यात १६० बाइट आवाज, वर ४० बाइट नाव-पत्ता. म्हणजे एका कॉलला एका दिशेनं ८० किलोबिट. व्हीपीएनचं वेष्टण धरलं, तरी दहा जण एकदम बोलले तर जेमतेम एक मेगाबिट! मी तीनदा आकडेमोड तपासली.

पहिल्या चाचणीत मात्र घंटी वाजली, आबांचं बोलणं आलं, माझं त्यांना पोचेना. घंटीचा निरोप एका वाटेनं जातो आणि आवाज दुसरीनं, हे तेव्हा कळलं. त्या दुसऱ्या वाटेवर आमचाच राउटर आडवा बसला होता.

भाऊ म्हणाला, "मोबाइलवरून कॉल फुकटच आहेत की." आहेत ना! पण मोबाइल माणसाचा असतो, ३०२ जागेचा. आबा जेवायला गेले तर लेथवर जो असेल तो उचलतो. हे लक्षात आलं आणि माणसांच्या नावांची माझी पहिली यादी मी फाडलीच. तसंही त्यात आबांना १०१ दिला होता, म्हणजे थेट अग्निशमन दल! आता पुणे दोनशेपासून, शिरोली तीनशेपासून; स्टोअर, पॅकिंग, गेट, सगळ्यांना आपापला नंबर.

एक पथ्य पाळलं. बाहेरच्या टेलिफोन लाइनी या जाळ्याला जोडल्या नाहीत. खासगी वाटेनं कॉल नेऊन पलीकडच्या गावात सार्वजनिक जाळ्यात सोडणं, म्हणजे टोल बायपास, नियमात बसत नाही. आमचं जाळं आमच्यापुरतं.

काल आबांचा फोन आला, ३०२ वरूनच. वजनकाट्यालाही नंबर पाहिजे म्हणतात. ३०७ मोकळा आहे!