परमुलखातले आजारपण

यवतमाळ

प्रिय बाळ,



ताप उतरत नाही, अन्न जात नाही, हे तू तुझ्या या मावशीला कळवलेस आणि घरी सांगू नकोस अशी तंबीही दिलीस. शेवटी लिहिलेस की हल्ली प्रार्थना करवत नाही, म्हणजे आपला विश्वासच उणा पडला असावा. हे पत्र त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे. फोनवर यातले अर्धेही बोलून झाले नसते.

तू आहेस त्याच देशात, इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डच्या बाजूला वाँटेज नावाचे गाव आहे. १८८३ साली पंचविशीतली एक विद्यार्थिनी तिथे पोचली. बरोबर दोन वर्षांची मुलगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण. विद्यार्थिनीचे नाव रमाबाई. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेलेली, पुढे भाऊ गेला, १८८२ च्या फेब्रुवारीत नवराही गेला. तिला डॉक्टर व्हायचे होते. प्रवासाच्या खर्चाला ‘स्त्रीधर्मनीति’ या तिच्या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे कामी आले. वाँटेजच्या सिस्टरांनी तिला राहायला जागा दिली आणि हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरांना तिने मराठी शिकवायचे, असे ठरले.

सप्टेंबरपर्यंत सगळे विस्कटले. परका देश, परका धर्म आणि आपल्याला बळेच बाटवतील ही धास्ती आनंदीबाई भगतांच्या मनाला पेलली नाही. त्यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला संस्कृतपंडित मॅक्स म्युलर यांच्या घरी राहायला गेली. ती मनाने इतकी खचली होती की रात्री तिच्या खोलीत एका मोलकरणीला झोपवावे लागे, असे म्युलर यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. भर सभेत शास्त्रीपंडितांना संस्कृतात उत्तरे देणारी, कलकत्त्याने ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई. तिला अंधारात एकटे झोपू देत नव्हते. बाळ, खचणे हे विश्वास नसल्याचे लक्षण असेल, तर मराठी ख्रिस्ती मंडळीने रमाबाईंचे नाव घेणेही सोडले पाहिजे.

त्याच सप्टेंबरच्या २९ तारखेला तिचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. दुःखाच्या भरात तिने हा धर्म धरला असे पुष्कळांनी म्हटले. मावशीला ते पटत नाही. पुण्यात असल्यापासून ती मराठी शुभवर्तमान वाचत होती, फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी तिचा वाद-संवाद चालू होता. लंडनजवळ फुलहॅम इथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सिस्टर कशा सांभाळतात हे तिने पाहिले आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट तिला तिथे कळली, असे तिने स्वतः सांगितले आहे. आपल्या दुखण्यावर गुंगीचे औषध हवे म्हणून ती ख्रिस्ताकडे गेली नाही. ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते त्या बायांना हा प्रभू उभे करतो, हे पाहून ती गेली.

आता तिच्या कानांचे. तिचे ऐकू येणे मंदावत गेले आणि डॉक्टरकीचा बेत मोडला. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातचे गेले. प्रार्थनेने कान उघडले नाहीत. तिने अभ्यास बदलला. १८८४ मध्ये ती चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे गेली, तिथे संस्कृत शिकवू लागली आणि स्वतः गणित, शास्त्र, इंग्रजी शिकू लागली. पुढे अमेरिकेत बालवाडीचे शिक्षण घेतले, गावोगाव व्याख्याने दिली, १८८९ च्या ११ मार्चला मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. कमी ऐकू येणाऱ्या याच बाईने केडगावला मुक्तिसदन उभे केले, ग्रीक आणि हिब्रू शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. १९२२ च्या एप्रिलमध्ये ती गेली, तोवर हेच काम चालू होते. तू एक सत्र सोडावे लागेल म्हणून रडतेस. सोडावे लागले तर सोड.

इंग्लंडच्या काळातली तिची पत्रे वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवली. ए. बी. शहा यांनी संपादित केल्यावर १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती छापली. मिळाली तर वाच. ज्यांच्या घरचे अन्न खायचे त्यांच्याशीच ती त्र्येकत्वावरून भांडते, चर्चच्या अधिकारावरून भांडते. चेल्टनहॅमला तिने मुलग्यांना शिकवावे की नाही यात मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हात घातला, तेव्हा आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणाच्या हवाली केलेली नाही असे तिने स्पष्ट कळवले. शाकाहारही तिने सोडला नाही. देवावर भार टाकायचा, पण डोके कोणाकडे गहाण टाकायचे नाही. मावशीला रमाबाईंचे हे सगळ्यांत जास्त आवडते.

आणि तुझ्या प्रश्नाला सगळ्यांत जवळची गोष्ट पुढेच आहे. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत ती म्हणते की बाप्तिस्म्याने तिला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी कितीतरी वर्षे गेली. म्हणजे इंग्लंडमधली सगळी वर्षे, ती आजारपणे, तो एकटेपणा, ते वाद, हे सगळे तिने मनाला पुरती शांती नसतानाच काढले. तरी ती उपासनेला गेली, वाचत राहिली, विचारत राहिली. विश्वासावर टेकणे म्हणजे आत सदैव ऊब वाटणे, असे तुला कोणीतरी शिकवले आहे. ते चुकीचे शिकवले आहे. प्रार्थना करवत नसेल तर स्तोत्रसंहिता उघड आणि ८८ वे स्तोत्र नुसते वाचून काढ. ते अंधारातच सुरू होते आणि अंधारातच संपते, तरी पवित्र शास्त्रात त्याला जागा आहे.

त्याच वर्षांत डॉक्टरकी शिकायला गेलेली आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला होती. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हे बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात सांगून ती निघाली आणि शब्दाला जागली. थंडी, खाण्याचे हाल, खोकला, ताप या सगळ्यांतून १८८६ च्या ११ मार्चला ती डॉक्टर झाली. तो समारंभ पाहायला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेली होती. रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी आनंदीला लेकीसारखे जपले आणि ती त्यांना मावशी म्हणे. पुढल्याच वर्षी २६ फेब्रुवारीला ती पुण्यात क्षयाने गेली. तिची श्रद्धा कमी पडली असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? तिच्या काळी क्षयावर औषध नव्हते. आज आहे.

म्हणून, कोणी तुला गोळ्या बंद कर आणि नुसता विश्वास धर असे सांगितले, तर त्या माणसापासून लांब राहा. पौलाबरोबर लूक वैद्य होता. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर उपाय सुचवला, त्रफिमाला आजारी असताना मिलेतात मागे ठेवले आणि स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा मागूनही निघाला नाही. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातला एपफ्रदीत तर थेट तुझ्यासारखा आहे. घरापासून दूर, मरणाच्या दारी जाऊन आलेला, आणि आपण आजारी पडल्याचे घरच्यांना कळले म्हणून कासावीस झालेला. पौलाने काय केले? लपवले नाही. पत्र लिहिले आणि त्याला घरी धाडले.

आपल्या यवतमाळलाही परमुलखातल्या विद्यार्थ्यांची सवय आहे. १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी इथे सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला बिबवेवाडीला गेली. त्या तीस वर्षांत नागालँड, मिझोराम, केरळकडची मुले इथल्या मे महिन्यात पुस्तके घेऊन बसली. भाषा वेगळी, जेवण वेगळे. त्यांना यवतमाळ हाच परदेश होता. ज्या गावाने परक्यांची लेकरे पाहिली, त्या गावच्या लेकीने परक्या गावात मदत मागायला लाजू नये.

तेव्हा हे कर. विद्यापीठाजवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवले नसेल तर उद्याच नोंदव. व्हिसाच्या वेळी वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार तुझ्या वडिलांनी भरला आहे, तेव्हा तिथले उपचार हे उपकार नव्हेत, हक्क आहे. ताप किती आठवडे आहे, वजन किती घटले, खोकला आहे का, हे न लाजता सांग. व्हिसासाठी छातीचा एक्स-रे काढला होता म्हणून क्षय नसेलच असे धरून बसू नकोस. तिथे क्षयाचे उपचार सर्वांना मोफत आहेत. रात्री-बेरात्री दुखणे वाढले तर १११ हा आरोग्यसेवेचा क्रमांक फिरव. जीव नकोसा वाटला तर ११६ १२३ वर समॅरिटन्स दिवसरात्र ऐकतात, आणि तेव्हा मावशीलाही फोन कर, इथे कितीही वाजले असोत. विद्यापीठातल्या चॅपलेनला जाऊन भेट. त्याला भाषण नको, एवढेच सांग की मी आजारी आहे आणि एकटी आहे.

तुझ्यासाठी इथल्या रविवारच्या उपासनेत प्रार्थना करायची आहे, पण तुझ्या परवानगीशिवाय नाव घेणार नाही. हो किंवा नाही ते कळव. आईला मात्र आज रात्रीच सांग. मावशीने तुझी तंबी अजून मोडलेली नाही, पण शनिवारपर्यंतच. डॉक्टरांकडची तारीख मिळाली की लगेच लिही.

तुझी,
मावशी