त्याच्या वाट्याचं रडणं

काही आवाजांना अंधार लागतो. १९८२ सालच्या 'कोनान द बार्बेरियन'मध्ये चित्र नीट उजळण्याआधीच एक आवाज येतो, खरखरीत, वाळूवरून जड काही ओढत न्यावं तसा, आणि बुडालेल्या नगरांची, विसरल्या गेलेल्या राज्यांची गोष्ट सांगू लागतो. मागोमाग बेसिल पॉलिडॉरिसचे ढोल. भाड्याच्या व्हीसीआरवर, झिजलेल्या कॅसेटमधून, रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून बारीक करून तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तेव्हापासून तलवारींच्या आणि जादूटोण्याच्या त्या दुनियेची आठवण आली, की कोनान झालेल्या अर्नोल्ड श्वार्झनेगरचे दंड नंतर दिसतात. आधी तो आवाज कानाशी येऊन बसतो.

तो माकोचा. जपानात, कोबेला जन्मलेला हा माणूस अमेरिकेत नट झाला. तिथे आशियाई नटांच्या वाट्याला नोकराच्या नाहीतर खलनायकाच्या भूमिका यायच्या, म्हणून १९६५ साली काही सोबत्यांना घेऊन त्याने लॉस एंजेलिसमध्ये 'ईस्ट वेस्ट प्लेयर्स' ही नाटकमंडळी उभी केली. 'कोनान'मध्ये तो थडग्यांच्या राखणीला राहिलेला म्हातारा जादूगार होतो, आणि गोऱ्या वीराची सगळी गाथा आपण त्याच्याच तोंडून ऐकतो. हे कळायला मला मोठं व्हावं लागलं. कळलं तेव्हा ऊर भरून आला, आणि आत कुठेतरी दुखलंही. सिंहासन एकाचं, सांगणारा मात्र वेगळाच.

आणि तो खलनायक, थुल्सा डूम! तो साकारणारा जेम्स अर्ल जोन्स लहानपणी बोलताना इतका अडखळायचा, की कितीतरी वर्षं तो जवळजवळ बोललाच नाही. त्या जपून ठेवलेल्या गळ्यातून आलेला आवाज इथे एकदाही उगाच चढत नाही. उंच कड्यावर उभ्या असलेल्या एका मुलीला तो खालून नुसतं बोलावतो, मायेने, लेकीला बोलवावं तितक्या हळू. ती पाऊल पुढे टाकते आणि कोसळते. काळ्या नटाला पुन्हा खलनायकच करायचं, हे मला आजही खुपतं. पण त्या चित्रपटात राजासारखं बोलता येतं ते त्या एकट्यालाच.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो कोनानचा सोबती सुबोताई. हवाईचा सर्फर जेरी लोपेझ याचा चेहरा, आणि त्यावर चढवलेला सॅब शिमोनो या जपानी-अमेरिकन नटाचा आवाज. कोनानच्या प्रेयसीची, व्हॅलेरियाची चिता धडधडून पेटते, वारा ज्वाळा आडव्या करतो, कोनान दगडासारखा उभा असतो आणि बाजूला हा तिरंदाज मुकाट रडत असतो. जादूगार विचारतो, तू का रडतोस? तो सांगतो, हा सिमेरियन आहे, हा रडायचा नाही, म्हणून याच्या वाट्याचं मी रडतोय. किती साधं, आणि किती खोल. वीराला अश्रू शोभत नाहीत, मग ते सोबत्याने ढाळायचे. त्या काळातल्या अशा चित्रपटांत गोरे नसलेले सोबती हेच तर करत आले. वाट दाखवायची, जखमा बांधायच्या, मरायचं, रडायचं.

१९८४च्या 'कोनान द डिस्ट्रॉयर'मध्ये विल्ट चेंबरलेनचा धिप्पाड बोंबाटा दगाबाज निघतो आणि कोनानच्या हातून मरतो. त्याच्यासाठी लेखकांना याहून काही सुचलं नाही. पण झुला! गावकऱ्यांनी साखळीने जखडलेली ती ग्रेस जोन्स, काठी गरगरा फिरवत, दात दाखवत, घशातून अशी किंकाळी काढते की पडद्यावरचे पुरुष मागे सरकतात. ती कुणाची बायको नाही की दासी नाही, कुणाच्या वतीने रडतही नाही. शेवटी नवी राणी तिला आपल्या रक्षकदलाची प्रमुख करते, आणि तिथेच तिची गोष्ट तोडली जाते. पुढे तिच्या नावाचा चित्रपट निघाला नाही. निघायला हवा होता.