गिरणाकाठी : आवर्तनाने वाहणारी नदी

सुरगाणा तालुक्यातील केमच्या डोंगरावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा फुटतात. पश्चिम उतारावरचे पाणी नार-पार नद्यांतून गुजरातमार्गे थेट अरबी समुद्र गाठते. पूर्वेकडचे पाणी गिरणा होऊन कळवण तालुक्यात उतरते आणि बागलाण, मालेगाव ओलांडून जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. कळवण परिसरातील शेती, बाजार आणि घरगुती जीवन याच पाण्याच्या आधाराने उभे राहिले.

या खोऱ्यातील जुनी माणसे नदीला बंधाऱ्यांवरून ओळखत. मोसम, आरम, गिरणा यांच्या काठी शतकानुशतके फड पद्धती नांदली. बंधाऱ्याने अडवलेले पाणी पाटाने शेतांत येई. एका फडात सारे शेतकरी एकच पीक घेत आणि पाटकरी प्रत्येकाला वाटा देई. तेव्हाही नदी अडत होती. पण बंधाऱ्यावरून सांडून पुढे वाहतही होती.

पुढे अभोण्याजवळ चणकापूरचे मातीचे धरण झाले. १९११ साली पूर्ण झालेल्या या धरणाची उंची ४१ मीटर, लांबी ३,७०५ मीटर. मग १९६९ मध्ये खाली नांदगाव तालुक्यात गिरणा धरण उभे राहिले. तेव्हापासून नदीच्या बोलीत ‘आवर्तन’ हा शब्द रुजला. पाणी आता ऋतूबरोबरच वेळापत्रकानेही येते. हिवाळ्या-उन्हाळ्यात आवर्तन सुटले की पात्र भरते. ते संपले की वाळू आणि गोटे उघडे पडतात. मात्र याच साठ्यावर मालेगावसारख्या शहराची तहान भागते, हेही विसरता येणार नाही.

महाराष्ट्राने नद्यांच्या दिशाही बदलल्या आहेत. कोयना ही मुळात पूर्वेकडे कृष्णेला मिळणारी नदी. वीजनिर्मितीसाठी तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे उतरवले जाते आणि तेथून ते वाशिष्ठीत जाते. त्यामुळे वाशिष्ठीचे उन्हाळ्यातील रूपच पालटले. गिरणेच्या बाबतीत नेमके उलटे घडू पाहत आहे. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पात पश्चिमवाहिनी पाणी उपसून पूर्वेकडे आणायचे आहे. कोयनेत पाणी खाली पडून वीज देते. येथे वीज खर्चून पाणी वर चढवावे लागेल. खालच्या तालुक्यांना त्यात दिलासा दिसतो; तर डोंगरातील गावांना जमीन आणि पाणी जाण्याची चिंता वाटते. दोन्ही बाजू समजून घेतल्याशिवाय या नदीचे आजचे दुखणे कळत नाही.

बदललेल्या नदीशी वागण्याची रीतही बदलायला हवी. सप्तशृंगगडावर किंवा ठेंगोड्याच्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला ज्येष्ठांना घेऊन जाताना नदीत उतरण्यापूर्वी स्थानिकांकडे विसर्गाची चौकशी करावी. आकाश निरभ्र असले तरी वरच्या धरणातून सोडलेले पाणी पात्रात अकस्मात चढते. शेवाळलेल्या पायरीवर आधाराला हात द्यावा. स्नानाचा आग्रह असल्यास काठावर तांब्याने पाणी घ्यावे. भाव तोच राहतो आणि पाय घसरण्याचा धोका टळतो. गडावर ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत, त्यांनी ट्रॉलीचा उपयोग संकोच न करता करावा.

घरातही आवर्तनाचा परिणाम पोहोचतो. पाणी काही दिवसांआड येते तेव्हा साठवण अटळ असते. भांडी झाकून ठेवावीत, आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत. उघड्या साठ्यात डेंग्यूचे डास वाढतात. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते. पाणी जपून वापरण्याची सवय असलेली वडीलधारी मंडळी टंचाईत स्वतःच कमी पितात. म्हणून त्यांनी मागण्याची वाट न पाहता थोड्या-थोड्या वेळाने पाणी, ताक किंवा पेज द्यावी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना द्रवाची मर्यादा घालून दिली आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला पाळावा.

आणखी एक काम शुश्रूषा करणाऱ्यांना सहज करता येईल. संध्याकाळी काठावर किंवा अंगणात बसून वडीलधाऱ्यांना विचारावे : पाट कुठून जात होता? डोह कुठे होता? उन्हाळ्यात झिरा कुठे लागत असे? अशा आठवणींनी बोलणे खुलते, एकटेपणाही हलका होतो. आवर्तनापूर्वीच्या नदीचा हा नकाशा त्यांच्या आठवणींत आहे. तो त्यांच्याकडून ऐकून वहीत उतरवून ठेवावा.