द्राक्षबागेतले तळघर आणि त्रिरश्मीची लेणी

कोल्हापूरहून नाशिक म्हणजे एस. टी.चा रात्रभराचा प्रवास. फेब्रुवारीत रजा जोडून आम्ही चार कुटुंबे निघालो. त्रिरश्मी लेणी आणि १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची भूमी पाहणे हा मुख्य हेतू. पण मुलांनी वाईनचा कारखाना पाहण्याचा हट्ट धरला. त्यावर बरीच चर्चा झाली. पंचशील घेणाऱ्यांनी अशा ठिकाणी जावे काय? शेवटी ठरले, पाहायचे, चाखायचे नाही.

गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागा लागतात. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम. आपल्याकडे गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत आटवून गूळ करतात. इथे द्राक्षाचा रस आटवत नाहीत, आंबवतात. यीस्ट रसातली साखर खाते व तिचे अल्कोहोल होते. पांढऱ्या वाईनसाठी साली आधीच वेगळ्या काढतात. लाल वाईन सालींसकट आंबवतात, म्हणून तिला रंग येतो. आंबताना उष्णता निघते, म्हणून स्टीलच्या टाक्या सतत थंड ठेवाव्या लागतात. खाली तळघरात ओक लाकडाची पिंपे ओळीने आडवी ठेवलेली. बाहेर ऊन आणि आत गारवा. मुले एकदम गप्प झाली.

माहिती देणाऱ्या तरुणाला आमच्यातल्या एका ताईंनी विचारले, "दादा, हिच्यात आणि हातभट्टीत फरक काय?" दारूपायी ताईंचे घर बसले होते. तो म्हणाला, "हातभट्टीची दारू उकळून, वाफ धरून काढतात. ही नुसती आंबवलेली. हिच्यात अल्कोहोल बारा-तेरा टक्के." ताई म्हणाल्या, "म्हणजे कमी आहे, पण आहेच." पुढे केलेले ग्लास आम्ही नम्रपणे परत केले.

द्राक्ष बागायतदाराला बाजार मिळावा, हे खरेच. त्यासाठी राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. पण राज्यघटनेचे ४७ वे कलम मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करावा, असे शासनाला सांगते. गोरगरिबांच्या वस्तीत दारूबंदीचे काम करणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी माहीत करून घेतल्या पाहिजेत. न पाहता बोलण्यापेक्षा पाहून बोललेले बरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिरश्मी. डोंगरात चोवीस लेणी आहेत. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. हिशेबाच्या टेबलावर बसणाऱ्यांनी तो जरूर समजून घ्यावा. त्याने तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यातील दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज. म्हणजे वर्षाला २४०. वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब बरोबर जुळतो! मुद्दलाला हात लावायचा नाही, अशी अटही कोरलेली आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी विणकरांची संघटना ठेवी सांभाळत होती व व्याज चुकवत होती. आपल्या बचत गटांतील भगिनींना ही गोष्ट अवश्य सांगावी.

नाशिकला जाणाऱ्यांनी लेण्यांवर सकाळी लवकर चढावे; पायऱ्या बऱ्याच आहेत. पाणी सोबत घ्यावे आणि दहाव्या लेण्यापाशी मुलांकडून ते व्याजाचे गणित सोडवून घ्यावे.