पालखीचं ओझं

जुलैच्या मध्याला पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे माणसांच्या रांगा निघतात. मसाई पठारावर धुकं इतकं दाट असतं की चार हातांवरचा सोबती दिसत नाही. बूट चिखलात रुततात, ओढे फुगलेले असतात, रात्री कुडकुडत ओल्या कपड्यांनिशीच झोपावं लागतं. या वाटेनं मी चाललो आहे, आणि इतिहास शिकवणारी याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा 1660च्या मार्चपासून पडला होता. पावसाळ्यात तो सैल होईल ही आशा फोल ठरली. राजापूरचे इंग्रजही तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. अखेर 12 जुलैच्या रात्री शिवाजी महाराज पालखीतून विशाळगडाकडे निघाले. विशाळगड सुमारे 60 किलोमीटर दूर. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. पायांना मात्र पहिल्याच चढणीवर प्रश्न पडतो: रिकाम्या हातांनी ही गत, तर खांद्यावर पालखी घेऊन, पाठलाग चुकवत, अंधारात ती माणसं धावली कशी?

वाटेच्या शेवटी कधी कधी लढाईचा देखावा होतो. कोल्हापूरच्या तालमींनी जपलेल्या मर्दानी खेळांविषयी मला मनापासून आदर आहे. दांडपट्टा फिरताना बघावं तर डोळे दिपतात. पण देखाव्यातली लढाई ताज्या दमाची असते. बांदलांच्या मावळ्यांनी खिंडीत पाठलाग अडवायला शस्त्र उचललं ते रात्रभर धावून आल्यावर. शिवाय देखावा सोयीचं तेवढंच सांगतो. विशाळगडाला वेढा घालून बसलेले सुर्वे आणि दळवी हे आपलेच मराठी सरदार होते, हे त्यात सहसा येत नाही. मुलांना ते कळायला हवं. त्याशिवाय स्वराज्य उभं करणं किती अवघड होतं, हे समजायचं नाही.

लढाईचा देखावा न करताही तिची आठवण जागवता येते. 1 जुलै 2016 रोजी, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईला शंभर वर्षं झाली तेव्हा, ब्रिटनमध्ये जेरेमी डेलर या कलावंतानं सुमारे 1,400 स्वयंसेवकांना जुन्या गणवेशात स्टेशनांवर आणि बाजारांत पाठवलं. त्यांनी लढाई केली नाही. कुणी जवळ गेलं की ते एक कार्ड हातात देत. त्यावर लढाईच्या पहिल्या दिवशी पडलेल्या एका सैनिकाचं नाव असे.

आपल्याला तसं करता येणार नाही. खिंड लढवणारे बाजीप्रभू आणि महाराजांचं सोंग घेऊन शत्रूला चकवणारा नेबापूरचा शिवा काशीद यांची नावं उरली. खिंडीत पडलेल्या बहुतेकांची आणि भोयांची कुणी लिहूनच ठेवली नाहीत. त्यांच्या श्रमांची ओळख मात्र अजूनही करून देता येते.

म्हणून पुढच्या आषाढात मुलांना घेऊन निघणाऱ्यांना एक विनंती. आधी शिवा काशीदच्या समाधीपाशी थांबून त्याची हकीकत सांगा. तलवारी घरीच राहू द्या. एक पालखी बरोबर घ्या, तीत माणसाच्या वजनाचं पोतं ठेवा, आणि निदान मसाई पठारापर्यंत मुलांना ती आळीपाळीनं वाहू द्या.